उद्यापुरती मालकीण

आवास योजनेच्या रांगेत तृप्तीच्या पुढे दोघी जणी होत्या, घरमालकीण सरुबाई आणि तिची किरायेदार रंजिता. त्यांची कुजबुज ऐकून तृप्तीने कान टवकारले.

“ज्याला घर नाही त्यालाच मकान देतात. म्हणून उद्या साहेब पाहायला आले की मालकीण तू, किरायेदार मी.”

“मला जमेल का, मावशी?”

“इतकी वर्षं मला बघतेस ना? तशीच बोल. चल, करून दाखव.”

“सरुबाई, चपला बाहेर काढ. आणि माझ्या गच्चीवर पापड वाळवायचे नाहीत.”

“बरं बाई.”

“पाहुणे आले तर रात्री मुक्काम नाही.”

“एवढं कडक नको गं. साहेबांना माझी दया आली पाहिजे.”

“मग हे ऐक. दिवाळीच्या आत मकान खाली कर. पोराचं लग्न आहे, मला खोली लागते.”

“अगं, सारं सामान घेऊन मी कुठं जाऊ? थोडी माणुसकी ठेव.”

“परवा मी अगदी हेच बोलले होते, मावशी.”

रांग पुढे सरकली. सरुबाई जागची हलली नाही.

“मग मी काय म्हणाले गं?”

“काही नाही. पापड उचलायला सांगितलं.”