बेचाळीस मालक

जालन्याच्या रजिस्ट्री ऑफिसात इजहार आपली फाइल घेऊन रांगेत उभा होता. पुढं दोन बायका होत्या, एकमेकींच्या शेजारणी. त्यांच्या कॉलनीची भाडेपट्ट्याची जमीन आज बेचाळीस घरांच्या सोसायटीच्या नावावर होणार होती.

"सही झाली की जमीन आपली, बदरुन्निसाभाभी! उद्याच मिस्तरी बोलावते. आमच्या रामप्रसादला वर खोली काढते."

"बराबर. पर परवानगी, नंदाबाई?"

"आता कोनाची? मालक तर गेला!"

"एक गेला, बेचाळीस आले. मीटिंगीत सोसायटीचे नियम वाचले तवा तुमी झोपल्त्या. बांधकामाला शेजाऱ्याची सही लागते."

"शेजारी म्हंजी… तुमी?"

"मीच."

"अगं बाई!"

"दहा वर्षांखाली माझी वरची खोली मालकानं पाडली. चिठ्ठी गेल्ती त्याला."

"कोन्या मेल्यानं लिवली?"

"बिननावाचीच होती. पर लाइटबिलाच्या मागं लिवल्ती. पुढून तुमचं नाव छापलेलं."

रांग सरकली. नंदाबाई जागची हलली नाही. इजहारनंही तिला ढकललं नाही.

"चला, सही करा. तुमच्याबिगर माझीबी जमीन होत न्हाई."

"आन माझी खोली, भाभी?"

"अर्ज लिवा. या खेपेला कोऱ्या कागदावर."