वर्गात भरलेला बाजार

बाळ मांडीवर झोपलं होतं, म्हणून कॉलेजच्या ऑफिसाबाहेरच्या बाकावरून मला हलता येईना. शेजारी मायलेकी होत्या. आई लेकीचा विषय बदलून घ्यायला आली होती.

“नाच नि कविता शिकणाऱ्या मुलांत बसून कसलं गं अर्थशास्त्र?”

“अगं, परवा त्या सगळ्यांना घेऊनच वर्गात बाजार भरवला. निम्मे विकणारे, निम्मे घेणारे. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर वेगळी किंमत, ती कुणाला दाखवायची नाही. विकणाऱ्यानं त्याहून कमीत द्यायचं नाही, घेणाऱ्यानं त्याहून जास्त मोजायचं नाही.”

“तू काय विकणार? दुकानात तोंड उघडत नाहीस.”

“ओरडून घसा बसलाय बघ. आधी जो तो वाटेल तो भाव सांगत होता. मग हळूहळू सगळे एकाच भावावर आले.”

“सरांनी सांगितला असेल.”

“सर गप्प उभे होते. शेवटी त्यांनी फळा फिरवला. मागे तोच आकडा, चिठ्ठ्यांवरून हिशेब करून आम्ही यायच्या आधीच लिहिलेला.”

“मग भाव ठरवला कुणी?”

“कुणीच नाही. म्हणजे आम्हीच सगळ्यांनी, पण आम्हाला कळलंच नाही.”

आईने हातातला अर्ज उलटा करून मांडीवर ठेवला.

“विषय कोणाला बदलायचाय?” खिडकीतून आवाज आला.

“थांबा हो जरा. काय गं, पुन्हा भरवतील तेव्हा मला मागे बसू देतील का?”