आबांचा खोंखारा

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, म्हणजे म्हणायचं आपलं, तिकडे जाऊन बघितलंय कुणी. पणजोबा संस्थानच्या फौजेत घोडेस्वार, आजोबा घोड्यांना दाणापाणी करणारे, आमचे वडील, म्हणजे आबा, एका कचेरीच्या दारात पहारेकरी, आणि मी लेथ मशीनवर. घोड्यावरनं उतरत उतरत आमचं खानदान स्टुलावर आलं बघा. मला सगळे दत्तूभाई म्हणतात, दत्तात्रय जाधव हे नाव फक्त लाइटबिलावर. जन्म बडोद्याचा, याच गल्लीतला. हा ओटला दिसतो ना, ज्याच्यावर तुम्ही बसलात, याच्यावरच रांगलो, याच्यावरच म्हातारा झालो. पाय वर घेऊन बसा, खाली मुंग्या आहेत.

तर सिगरेट कशी लागली विचारता. लागली नाही हो, लावून घेतली. मकरपुऱ्याला कारखान्यात चिकटलो तेव्हा मी सुपारीच्या खांडाला पण शिवत नव्हतो. तिथं दिवसभर मशीनसमोर उभं राहायचं. कोणी म्हणालं साहेब, जरा बिडी पिऊन येतो, की साहेब मान हलवायचा, जा. मी एकदा म्हटलं साहेब, पाय भरून आलेत, जरा बाहेर उभा राहतो. तर म्हणतो कसा, तू बीडी तो पीतो नथी, बहार शुं दाट्युं छे तारुं? बिडी पीत नाहीस तर बाहेर तुझं काय पुरलंय! घ्या! म्हणजे फुंकणाऱ्याला विसावा आणि न फुंकणाऱ्याने काय बाहेर पुरलेलं धन उकरायला जायचं? मग मीही घेतली एक, लिंबाच्या झाडाखाली उभं राहून. पहिल्यांदा असा ठसका लागला की डोळ्यातनं पाणी. पण पायांना काय बरं वाटलं, काय सांगू तुम्हाला. फुंकायची होती पायांना, तोंड आपलं उगाच कामाला लागलं.

तेव्हापासनं मी बघत आलोय, माणूस किती ओढतो ते एकट्या त्याच्या खिशावर नसतं. भाव वाढले तर पाकीट सोडून छुट्टी, म्हणजे सुटी एकेक, घेतली, सिगरेट सोडून बिडी घेतली, पण ओढली. पाकिटावर ते सडलेल्या तोंडाचं चित्र छापलं, तर गल्लेवाल्याला, म्हणजे पानटपरीवाल्याला, म्हणायचे दुसऱ्या चित्राचं दे रे. हसू नका, खरंच म्हणायचे. माणूस किती ओढतो ते, त्याला कोणासमोर टाकावी लागते त्याच्यावर असतं, असं माझं म्हणणं. ज्याच्या घरात वडीलधारं कोणी आहे तो चोरून ओढणार, चोरून किती ओढणार? आणि ज्याला कोणी विचारणारं नाही त्याचा बंबच पेटलेला. याला इथं आमन्या म्हणतात, गुजराती शब्द आहे, पण आम्ही बडोद्याचे मराठीसुद्धा तोच वापरतो. आमन्या म्हणजे भीती नाही हं. भीती वेगळी. मोठ्या माणसाच्या डोळ्यासमोर आपण हलकं दिसू नये, ती आमन्या.

आता आबा. आबांचा आवाज तुम्ही ऐकायला पाहिजे होता. पहारेकरी माणूस, बोलणं मोजकं, पण गल्लीच्या कोपऱ्यावर आले की घसा असा खाकरायचे की कबुतरं उडायची. इथं खोंखारो म्हणतात, सासरा घरात शिरताना देतो ना सुनांना कळावं म्हणून, तसा. आम्ही म्हणायचो आबांचा खोंखारा. मी संध्याकाळी कामावरनं येऊन या ओटल्याच्या बाजूच्या बोळात एक शिलगावायचो, दोन झुरके झाले नाहीत तो कोपऱ्यावरनं खोंखारा. गेली गटारात. वर तोंडात बडीशेप, आणि मी आपला भोळाभाबडा दत्ता, आबा पिशवी द्या. अर्ध्या सिगरेटी माझ्या या गटाराने ओढल्या असतील. मनात चिडायचो, हा म्हातारा नेमका आत्ताच कसा टपकतो!

एका उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, तर कमाल झाली. गच्चीवर सगळे, पतंग चढलेला, एका हातात दोर, दुसऱ्या हातात सिगरेट, आणि जिन्यातनं खोंखारा. टाकू कुठे? मागे पतंगांचा गठ्ठा ठेवला होता, गडबडीत हात तिकडे नेला, तर धूर यायला लागला की हो! सुनंदाने, म्हणजे आमच्या मिसेसने, उंधियूचं झाकण आपटून विझवला. आबा वर आले. जळका वास, काळी भोकं पडलेले पतंग, माझा चेहरा मेल्यासारखा. आबांनी आकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, दत्ता, वारा छान आहे आज. बस. आणि खाली निघून गेले. मी म्हटलं वाचलो, म्हाताऱ्याला दिसत नाही, वासही येत नाही. केवढा गाढव मी.

आबा गेले झोपेत, कोणाला त्रास न देता. रडलो, खूप रडलो. पण तेरावं झालं आणि पहिल्यांदाच मी इथं ओटल्यावर, आबा बसायचे त्या जागी, उघड्यावर सिगरेट पेटवली. कोणी खाकरलं नाही. अख्खी ओढली, मग दुसरी. एका पाकिटाची दोन कधी झाली कळलं नाही. पुढे रिटायर झालो, मग तर वेळच वेळ, चहाबरोबर, पेपरबरोबर, काही नाही म्हणून पण. सुनंदा बोलून बोलून थकली. शेवटी जिना चढताना छातीत शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरांनी तोंडात ओढायचा पंप दिला आणि म्हणाले काका, आता धूर बंद, नाही तर पंपही काही करणार नाही. मी हो म्हटलं आणि दवाखान्याच्या बाहेरच गल्ला शोधला.

त्या संध्याकाळी सुनंदाने मला इथं पकडलं, एका खिशात पंप, बोटात सिगरेट. मला वाटलं आता भांडणार. तर शेजारी बसली आणि म्हणाली, अहो, एक सांगा, आबांचा खोंखारा तुम्ही घरात कधी ऐकलात? मी म्हटलं म्हणजे? म्हणाली आठवा. जेवताना, पूजेला, आजारपणात. मी आठवायला लागलो. आणि काय सांगू, अंगावर काटा आला, हा बघा आत्ताही येतोय. कधीच नाही. आबांचा घसा धरायचा तो फक्त मी ओढत असायचो तेव्हाच, कोपऱ्यावर, नाही तर त्या गच्चीच्या जिन्यात.

मग ती म्हणाली, नवी नवी होते तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, आबा, घशाला काढा करून देऊ का? तर हसले. म्हणाले, सूनबाई, घसा माझा खणखणीत आहे. पण पोराला हातातलं टाकायला वेळ नको का द्यायला? एकदा मी डोळ्यांनी बघितलं की त्याची लाज गेली आणि माझी पण, मग उद्या माझ्यासमोरच ओढेल. टाकतोय तोवर बरं आहे. त्याला सांगू नकोस हो.

मी म्हटलं अगं मग आबा गेल्यावर तरी सांगायचंस. तर फटकन म्हणाली, कसं सांगणार? तेरावं झाल्याबरोबर त्यांच्याच जागेवर बसून धूर सोडायला लागलात. म्हटलं, ह्यांची लायकी नाही ऐकायची.

खरं होतं. केवढा माणूस हो तो! वर्षानुवर्षं, दमून येणारा माणूस, पावसात, उन्हात, रोज कोपऱ्यावर थांबून खोटं खाकरतोय, का, तर मुलाची मान त्याच्यासमोर खाली जाऊ नये. आणि मी त्याला बहिरा, आंधळा समजत होतो. पणजोबांच्या घोड्याचं कौतुक सांगत फिरलो जन्मभर, आणि मोठा माणूस माझ्या शेजारी बसून वरणभात खात होता. हातातली सिगरेट मी त्याच गटारात टाकली. लगेच सुटली असं नाही, खोटं कशाला बोलू, डभोईला एका लग्नात परत ओढली, घरी येऊन रडलो. पण मग सुटली.

सुनंदाचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते आबांनी तेव्हाच एक कानाखाली वाजवली असती तर आज तुमच्या छातीत शिट्टी वाजली नसती. असेलही. पण आमच्या कारखान्यात ज्यांनी बापाचा मार खाल्ला ते पुढे बापाच्या तोंडावर धूर सोडायचे, ते पण बघितलंय मी.

आणि आता हे का सांगतोय. आमचा केदार, मुलगा, इथनं पुढे सावली गाव आहे तिथं कंपनीत आहे, रोज बाईकवरनं जातो येतो. बाहेर सगळं हिंदी-गुजराती, घरात पप्पा पप्पा. मागच्या वर्षी त्याच्या शर्टाला वास आला. मला नाही येणार तर कोणाला येणार? सून चिडेल म्हणून तो आधी बोळात थांबतो, त्याच बोळात, आणि तिथनं आत येतो बडीशेप चघळत. ही शिट्टी त्याच्या छातीत नको, एवढंच मागणं आहे माझं देवाकडे. सुनंदा म्हणाली, बोला त्याला. काय बोलू? कोणत्या तोंडाने? सुरुवातीला तर मला काही करावंच लागत नव्हतं, कोपऱ्यापर्यंत चाललो की खोकला आपोआप यायचा आणि हा टाकायचा. आबांचा खोंखारा खोटा, माझा खरा.

मग एक दिवस औषधाने गुण आला. दही घेऊन परत येत होतो, कोपऱ्यावर पोचलो, श्वास अगदी मोकळा. बोळाच्या तोंडाशी केदार दिसला, पाठमोरा, नुकतीच पेटवलेली. चार पावलं टाकली असती तर रंगे हाथ सापडला असता. मी थांबलो. आणि खाकरलो. खोटं, मुद्दाम, जोरात. कबुतरं उडाली. काय सांगू तुम्हाला, तो आवाज माझा नव्हताच, आबांचा होता तंतोतंत. केदारने अख्खी सिगरेट गटारात टाकली, पुढे आला, म्हणाला पप्पा, पिशवी द्या.

तेव्हापासनं हाच माझा धंदा. तो यायच्या वेळेला मी काहीतरी आणायला निघतो, आणि परत येतो. आईला म्हणत होता, पप्पांचा खोकला वाढलाय, डॉक्टरांना दाखवायला हवं. ती पदर तोंडाला लावून आत गेली. टाकतोय तोवर बरं आहे. जितक्या टाकल्या तितक्या तरी छातीत गेल्या नाहीत.

तुम्ही लिहा सगळं, बराबर लिहा. फक्त केदारला इतक्यात दाखवू नका. मी गेल्यावर त्याची आई सांगेल, आमच्याकडे तशीच रीत आहे. देव तुम्हाला सुखी ठेवो, घसा चांगला राहो तुमचा.

थांबा, ही बाईक त्याचीच. बसा तुम्ही, चहा येतोय. मी जरा मागच्या दाराने जाऊन कोथिंबीर घेऊन येतो.