थेंबांच्या जाहिरातीतला माणूस मी नव्हे

मी, बाजारात आणि मोबाइलवर 'कानवाले काका' म्हणून ओळखला जाणारा (पाळण्यातले नाव पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत दिले आहे), वय ५८ वर्षे, धंदा मोटार रिवाइंडिंग व दुरुस्ती, दुकान जुन्या पुलाखालच्या गल्लीत, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, शिक्षण आठवीपर्यंत, आज सोमवार दिनांक १७ रोजी कोणी न बोलावता ठाण्यात येऊन, विचारल्यावरून आणि काही ठिकाणी न विचारताही सांगतो की,

माझे दुकान एकतीस वर्षांपासून आहे. पंखे, पाण्याचे पंप, मिक्सर, शिलाई मशीनच्या मोटारी माझ्याकडे येतात. मोटार उघडण्याआधी मी ती ऐकतो. स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगजवळ टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची, की आतले सगळे ऐकू येते. हे मी शाळेत शिकलो नाही. आईवडील गेल्यावर मला थोरल्या बहिणीने (यापुढे 'ताई') शिवणकाम करून वाढवले. तिच्या मशीनच्या पायट्याशेजारी बसून मी गृहपाठ करीत असे. ताईचा उजवा कान लहानपणापासून निकामी. तरी उरलेल्या एका कानाने सुई वाकल्याचे तिला दुसरा टाका पडायच्या आत कळायचे आणि तिचा पाय थांबायचा. मला तिसऱ्या टाक्याला कळायचे. अंमलदारांनी विचारले की याचा तक्रारीशी संबंध काय. संबंध आहे. लिहून घ्यावे.

तीन वर्षांपूर्वी ताईच्या मुलीने (यापुढे 'भाची'; लग्नानंतर माझ्या दुकानाजवळ राहते) मी पंप ऐकत असताना मोबाइलवर चित्रण केले आणि ते लोकांसाठी टाकले. लोकांना आवडले. तेव्हापासून दर बुधवारी एक व्हिडिओ टाकतो. त्याच्या आधी आणि मध्ये जाहिराती लागतात. त्या लागाव्यात अशी परवानगी मीच दिली होती. कोणत्या जाहिराती लागतील ते मला कोणी विचारत नाही. ताई माझा प्रत्येक व्हिडिओ बघते. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते आणि अजून शिवते.

दिनांक ४, मंगळवार, सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या गल्लीतला बेकरीवाला दुकानात आला. त्याच्या हातात मोटार नव्हती, बोटभर उंचीची निळी बाटली होती. ती त्याने टेबलावर आपटली.

"काका, पंखे सोडून कानात कधीपासून शिरलात?"

"काय झालं?"

"तुमचं ऐकून आईच्या कानात घातले थेंब. दोन दिवस झाले, म्हातारी कान धरून बसलीय. तुम्ही म्हणालात म्हणून विश्वास ठेवला. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर बाटली गटारात टाकली असती."

मी म्हणालो, "मी असं काही बोललोच नाही." त्याने मोबाइल पुढे केला.

त्यात मी होतो. माझे दुकान, माझा निळा शर्ट, माझा आवाज. मी सांगत होतो की मंडळी, माझ्या या तेज कानांचे रहस्य आज सांगतो, रोज दोन थेंब टाका. तो शर्ट मी गेल्या वर्षी टेबलफॅनच्या व्हिडिओत घातला होता. पंख्याच्या बुशमध्ये मशीनचे दोन थेंब तेल टाका, एवढेच मी त्यात सांगितले होते. तेच चित्र घेऊन कोणीतरी माझे ओठ दुसऱ्या शब्दांवर हलवले होते आणि आवाज कॉम्प्युटरवर बनवला होता.

अंमलदारांनी या ठिकाणी विचारले, "चेहरा तुमचा, आवाज तुमचा, दुकान तुमचं. मग खोटं नेमकं काय?" मी सांगितले की माझ्या दुकानात मागे एक्झॉस्ट पंखा आहे, एकतीस वर्षे घरघरतो, माझ्या प्रत्येक व्हिडिओत ऐकू येतो. जाहिरातीत तो फिरताना दिसतो पण घरघरत नाही. दुसरे, तो माणूस एक मिनिट दहा सेकंद बोलतो आणि एकदाही श्वास घेत नाही. मी जिना चढलो तरी धापा टाकतो. अंमलदार म्हणाले, "हे कोर्टात कसं सांगायचं?" मी म्हणालो, "जसं मी तुम्हाला सांगितलं तसं." त्यावर ते म्हणाले, "तसं आमच्या सासऱ्यांनीपण मागवलीय तुमची बाटली." हे वाक्य जबाबात घ्या असे मी म्हणालो. ते नको म्हणाले. मी म्हणालो, मग सही करणार नाही. घेतले आहे. सासऱ्यांचे थेंब आजच बंद करावेत, हेही घ्यावे.

त्याच दिवशी दुपारी भाचीने व्हिडिओ कंपनीकडे तक्रार पाठवली. अकरा मिनिटांत उत्तर आले की जाहिरात तपासली, नियमांचा भंग आढळला नाही. अकरा मिनिटांत मी साधा स्क्रू काढत नाही. त्यांनी माझा चेहरा, आवाज, औषध आणि औषध विकणारा, चारही तपासून टाकले. मग मी त्यांच्या फोन क्रमांकावर बोललो. बाई गोड बोलत होत्या.

"आपली गैरसोय आम्ही समजू शकतो."

"गैरसोय नाही हो बाई, फसवणूक आहे. लोकांचे कान जातील."

"आपली गैरसोय आम्ही समजू शकतो."

मी कान देऊन ऐकले. म्हटले, "बाई, तुम्ही श्वास कधी घेता?"

"क्षमस्व. हा पर्याय उपलब्ध नाही."

मी फोन ठेवला. ठेवला असे लिहिले आहे ते सौम्य आहे. नवीन फोन घ्यावा लागला.

दिनांक ५, बुधवार रोजी मी लोकांना सावध करण्यासाठी व्हिडिओ केला. बेकरीवाल्याची बाटली हातात धरून कॅमेऱ्याजवळ नेली, जोरात बोललो, शेवटी हात जोडले. ही बाटली घेऊ नका, घेतली असेल तर फेकून द्या, तो माणूस मी नव्हे. भाची म्हणाली, "मामा, खाली मोठ्या अक्षरांत लिहूया. हल्ली लोक आवाज बंद करून बघतात." मी म्हणालो, "माझं ऐकायचं असतं, वाचायचं नसतं. वाचायचं असेल त्यांनी पेपर घ्यावा." कंपनीचे यंत्र आपोआप अक्षरे टाकते, तीही मी दोन वर्षांपूर्वी बंद करून ठेवली होती, कारण ते माझ्या बेअरिंगचे वाट्टेल ते लिहायचे. हे माझे बोलणे जसेच्या तसे घ्यावे.

त्या दिवशी मी ताईला फोन केला होता. दोनदा. तिने उचलला नाही. नंतर तिचा लेखी निरोप आला, 'गणवेशांचं काम आलंय. व्हिडिओ बघते.' शाळा उघडायच्या आधीचे दिवस होते, तिला डोके वर काढायला फुरसत नसते. म्हणून मी गेलो नाही. दुकानापासून तिचे घर बसने चाळीस मिनिटांवर आहे.

दिनांक १३, गुरुवार, संध्याकाळी पाचच्या सुमारास मी तिच्याकडे गेलो. ती दुसऱ्या मजल्यावर राहते. पहिल्या मजल्याच्या वळणावरच मला तिची मशीन ऐकू आली. सुई वाकली होती. प्रत्येक टाक्याला पट्टीवर आपटत होती, टक, टक, टक. मी पाय थांबण्याची वाट पाहिली. मशीन चालूच राहिली. मी दुसऱ्या मजल्यावर चढलो. बेल वाजवायची गरज नव्हती, तरी वाजवली. मग माझ्याकडच्या किल्लीने दार उघडले.

तिच्या पायाशी सहा विजारी पडल्या होत्या, सहाही फाटक्या शिवणीच्या. मला पाहून तिला आनंद झाला. ती ओरडून बोलत होती.

"अरे, तू! किती वाळलास! तुझे थेंब चालू आहेत बरं का!"

खिडकीत दोन निळ्या बाटल्या होत्या, एक रिकामी, एक अर्धी. पहिली तिने मागच्या महिन्याच्या २८ तारखेला मागवली होती. तिने स्वतःहून मोबाइल उघडून माझा ५ तारखेचा व्हिडिओ लावला. माझा म्हणजे सावध करणारा. त्याच्या आधी जाहिरात लागली. तीच. यंत्राने माझ्या व्हिडिओत कान, थेंब, बाटली हे शब्द ऐकले आणि कानाच्या थेंबांची जाहिरात लावायला याहून योग्य जागा नाही असे ठरवले. जाहिरातीत खाली ठळक पिवळी अक्षरे होती. आवाज बंद ठेवणारे गिऱ्हाईक सुटू नये याची काळजी त्या लोकांनी घेतली होती. अक्षरे अशी होती: 'सुरुवातीला कमी ऐकू येईल. घाबरू नका. औषध लागू पडते आहे. थांबू नका.'

त्यानंतर मी आलो. खरा. खाली एकही अक्षर नाही. बाटली दाखवतोय, तोंड हलवतोय, हात जोडतोय.

ताई म्हणाली, "आधी दोन वेळा टाकत होते रे. मग तू इतक्या कळकळीने सांगितलंस, अगदी हात जोडून. म्हणून चार वेळा करायला लागले."

मी काय उत्तर दिले असे अंमलदारांनी विचारले. दोन्ही बाटल्या उचलून खिशात घातल्या. ऐकू आले नसते.

दिनांक १४ रोजी कानाच्या डॉक्टरांनी तपासले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांचे म्हणणे की डाव्या पडद्याला जुने बारीक छिद्र होते, त्यातून ते पाणी आत गेले आणि आतली नस जळाली. मी विचारले, परत येईल का. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या तीन-चार दिवसांत आणलं असतं तर काही करता आलं असतं." त्यांनी हे हळू आवाजात सांगितले. ताई समोरच बसली होती, हळू बोलायची गरज नव्हती.

भाचीने ताईच्या मोबाइलमध्ये शोधले. ती जाहिरात ताईला एकशे बारा वेळा दाखवली गेली, बहुतेक वेळा माझ्याच व्हिडिओंच्या आधी. भाचीच्या सांगण्यानुसार जाहिरात सगळ्यांना सारखी दाखवत नाहीत. कोण किती वयाचा, कोणाला बघतो, किती वेळ बघतो हे यंत्र मोजते. जो मध्येच सोडून देतो त्याचा नाद ते सोडते. जो शेवटपर्यंत बघतो त्याला पुन्हा दाखवते. ताईने एकशे बाराही वेळा शेवटपर्यंत पाहिली. तिला जाहिरात घालवायचे बटण दिसले नसेल. वय सदुसष्ट आहे आणि ते बटण मुद्दाम बारीक करतात.

त्यातल्या जितक्या वेळा ती जाहिरात माझ्या व्हिडिओवर लागली, तितक्या वेळचा माझा वाटा कंपनीने माझ्या खात्यात जमा केला आहे. तो मुद्देमाल म्हणून जप्त करावा. घरात ठेवणार नाही.

अंमलदारांनी सांगितले की तक्रार अज्ञात इसमाविरुद्ध घेता येईल. मी म्हणालो, बनवणारा अज्ञात असेल. दाखवणारा अज्ञात कसा? त्याला ताईचे वय ठाऊक आहे, घर ठाऊक आहे, ती कोणाला शेवटपर्यंत बघते ते ठाऊक आहे. त्याने आमची एवढी माहिती ठेवली, आणि आम्ही त्याला अज्ञात म्हणायचे? अंमलदार म्हणाले, "काका, आवाज चढवू नका." मी म्हणालो, माझ्या आवाजाचे काय करायचे ते आता मीच ठरवतो, बाकीच्यांनी करून झाले आहे. कंपनीचे नाव तक्रारीत घालावे. त्याशिवाय मी उठणार नाही. घातले आहे.

आज सकाळपासून माझ्या सगळ्या व्हिडिओंना खाली मोठी अक्षरे घालायचे काम भाचीने सुरू केले आहे. एकशे छप्पन्न आहेत. पहिला ५ तारखेचा केला.

वरील मजकूर अंमलदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी तो शब्दन् शब्द ऐकला आणि तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. ताई शेजारच्या बाकावर बसली आहे. तिलाही वाचून दाखवतो, असे अंमलदार सवयीने म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी कागद तिच्या हातात दिले. तिने चष्मा लावून चारही पाने वाचली व एक दुरुस्ती सांगितली. ती तिच्याच शब्दांत घेतली आहे:

"बटण दिसलं नसेल असं यात लिहिलंय, ते चूक आहे. मला दिसतं. पाच सेकंदांनी येतं, खाली, उजव्या हाताला. बाकीच्या सगळ्यांना मी दाबून घालवते. पण हा बोलत होता. ह्याला मध्येच कशी तोडणार?"

दुरुस्ती मान्य आहे. खालची सही मी स्वतः, माझ्या हाताने, अंमलदारांच्या डोळ्यांदेखत केली आहे.