पुढच्या दारातला बर्फ

आयोवातल्या आमच्या गावच्या पोस्टात रांग होती. माझ्यापुढे गळ्यात कॅमेरा अडकवलेली शहरातली पोरगी म्हाताऱ्या ऑर्विलला फोटो दाखवत होती. माझे कान काही अजून म्हातारे झालेले नाहीत.

"हे ओसाड घर बघा, आजोबा. दारापर्यंतच्या बर्फात एक पाऊलसुद्धा उमटलेलं नाही!"

"ओसाड? माझं आहे ते."

"अगंबाई! मग तुम्ही ये-जा कुठून करता?"

"मागच्या दारानं. पुढचं दार पाहुण्यांचं."

"मला वाटलं, कुणी राहतच नाही."

"तुला खिडकीतून पाहिलं आणि कॉफी ठेवली. तू गाडीत बसून निघून गेलीस."

"इतका सुंदर बर्फ तुडवायचं मनच होईना."

"उद्या ये, पोरी. आणि चांगला तुडव."