डाळीचं पाणी

दिव्यांग दाखल्याच्या रांगेत पुनमच्या मागं एक म्हातारी आणि तिची कॉलेजातली नात उभी होती. म्हातारीचा लेक, म्हणजे नातीचा बाप हरिदास, दोन काठ्या भिंतीला टेकवून दूर बाकड्यावर बसला होता. रांग काही केल्या हलेना, आणि कान काय मिटता येतात थोडेच!

"काय वाचून राह्यली व, माय?"

"परीक्षेचं हाय, आजी. प्रोटीन म्हंजे माळ. तिच्या मण्यायले अमिनो आम्ल म्हणते. आपल्या लाखोरीच्या डाळीत लय प्रोटीन असते."

"तं मंग! दुष्काळात तिनंच जगवलं."

"पण तिच्यात एक मणी सुटाच असते, कोन्याच माळेतला नाई. दिसाले आपल्या मण्यासारखा, म्हून नसा फसते. मंग पाय जाते."

"हरिदासचे गेले तसे?"

"हो. पण तो मणी पाण्यात उतरते. डाळ गरम पाण्यात भिजवून पाणी फेकलं, का बरंचसं निंगून जाते."

"माही सासूबी तेच म्हने, पाणी फेक. मी फेको. सारे चांगले राह्यले."

"मंग बाबालेच काऊन झालं?"

"तो लहानपणी लय मरतुकडा होता, पोरी. डाळीची ताकद पाण्यात उतरते, म्हून फेकाच्या आंधी ते भिजवलेलं पाणी त्याले रोज वाटीभर पाजो. एकट्यालेच."

रांग एक पाऊल पुढं सरकली. मागचं कोणी सरकलं नाही.

"पुस्तकात पाण्याचं काय लिवलं म्हनली तू?"

"काई नाई, आजी." पुस्तक मिटल्याचा आवाज आला. "पाण्याचं काईच नाई लिवलं."