डोमाजी मेंबरांची विनोदाची आवड

एकोणसत्तरचा उन्हाळा. बालाघाटच्या बसस्टँडवर मी वारासिवनीच्या बसची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर नगरपालिकेचे मेंबर डोमाजी आणि त्यांची बायको आनंदीबाई. डोमाजींच्या मांडीवर जुन्या विनोदी अंकांचा गठ्ठा होता, आणि ते पान उलटत खदखदून हसत होते.

“पाय अवो, मंत्र्याले कसा भोपळ्यावानी काढला! एका रेघेत सारं पोट!”

“हौ, मस्त आहे.”

“हे जुने चित्रकार कोनाच्या बापाले भेत नव्हते. अन् ज्याचं चित्र काढलं तोबी हासे. दिलदार लोक होते.”

“मंग प्रेमलाल पेंटरचं चित्र तुमी काहून पुसवलं?”

“ते काय चित्र होतं? भर चौकात, भिंतीवर! नळाले पानी नाही म्हनून बाया घागरी घेऊन दारात उभ्या, अन् मेंबर पलंगाखाली लपला!”

“मेंबराचं नाव तं नव्हतं लिवलं.”

“नाक माझं होतं ना!”

“म्हनून त्या गरिबाचं बोर्ड रंगवाचं कामबी बंद केलं?”

“केलं. विनोदाले अक्कल लागते. त्यानं केली ते चुगली होती.”

“चुगली म्हंजे गोष्ट खरी होती.”

“खरी असन. पन तवा घरात आपन दोघंच होतो. मी पलंगाखाली आहो, हे त्याले कोनं सांगतलं?”

“मीनं. तुमी तिथंच घोराले लागले होते, तेवढं मातर त्याले चित्रात काढता नाही आलं.”